बोळा घातलेला बाजा

कायतान मास्तरांनी माझ्या हातातला ट्रंपेट काढून घेतला, तोंडाला लावायचा भाग पिळून सुटा केला आणि आत काडी घातली. फडक्याचा बोळा बाहेर आला. ओला, काळा पडलेला. दात उपटल्यावर डॉक्टर जसा तो उजेडाला धरून बघतो, तसा त्यांनी तो बघितला.

जिनिंगच्या बंद पडलेल्या शेडमध्ये आमची तालीम चालायची. सगळा बँड हसायला लागला. उत्रेश्वर तर मांडीवर हात मारून हसला.

"हा कोण?" मास्तरांनी मालकांना विचारलं.

"भरतीचा हाय," अंबऋषी मालक म्हणाले. "बोळा काढू नका मास्तर, चुकून वाजंल त्यो."

मास्तर मुंबईहून नवेच आले होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं. बार्शीकडं लग्नात बँड ठरवताना लोक आधी डोकी मोजायचे. जेवढी डोकी जास्त, तेवढी लग्नघराची शान. पण वाजवणारी माणसं महाग पडतात. म्हणून मालक निम्मी माणसं वाजवणारी घ्यायचे आणि निम्मी भरतीची. भरतीच्या माणसाला टोपी, लाल कोट आणि बाजा मिळायचा. गाल फुगवायचे, बोटं हलवायची, पाय टाकायचे. फुंकर चुकून लागली तर आवाज निघू नये म्हणून बाज्यात बोळा.

मास्तर पुढं सरकले. माझ्या शेजारी माझा बाप सोपान, आम्ही त्याला नाना म्हणायचो, अंगाभोवती गुंडाळलेला मोठा भोंगा घेऊन उभा होता. मास्तरांनी त्याच्याकडं बघून नुसती भुवई उचलली.

"त्योबी भरतीचाच," मालक म्हणाले. "ह्याचा बाप. लई जुना माणूस."

नाना ओशाळं हसला आणि त्यानं टोपी सारखी केली. त्या हसण्याची मला एवढी चीड आली की मी मान फिरवली.

ती चीड जुनी होती. आमच्या गल्लीत सगळे नानाला बँडवाला सोपान म्हणायचे. आईसुद्धा समजत होती की नवरा वाजवतो. कुणाच्या बारशाला, जावळाला कुणी म्हणालं की सोपाना, जरा वाजव की, तर तो सांगायचा, बाजा मालकाच्या घरी असतो. लग्नसराई नसली की आम्ही दोघं मार्केट यार्डात हमाली करायचो. तिथं पोतं उचललं तर पोतं उचललं असं दिसतं तरी. इथं नुसतं सोंग. मला वाजवायचं होतं. बाज्याला हात लागल्यापासून दुसरं काही नको होतं. एकदा मी नानाला म्हणालो की मालकाला सांगा, माझा बोळा काढा. तो म्हणाला, गप ऱ्हा, दिवस येतो. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तो नुसती टोपी सारखी करत राहिला. हा माणूस असाच उभा राहून मरणार आणि मलाही मारणार, असं मला वाटायचं.

मास्तरांनी बोळा माझ्या हातात ठेवला.

"मुंबईत मोठ्या हॉटेलात पण भरतीचे असतात रे बाबा," ते म्हणाले. "त्यांच्या बाज्यात बोळा नसतो. कानात असतो."

मग त्यांनी सगळ्यांकडं वळून सांगितलं, फडकी आणा आणि सगळ्यांनी बोळे घाला.

मला वाटलं होतं, आता माझा बोळा सुटला. उलट सगळ्यांच्या बाज्यात बोळा आला. उत्रेश्वर तर पेटलाच. तो मालकांच्या बहिणीचा मुलगा, पुढचा ट्रंपेट त्याचा. मी काय भरतीचा आहे का, म्हणून त्यानं टोपी आपटली. मालकांनी त्याला कसंबसं बसवलं, कारण मास्तरांना त्यांनीच मोठ्या हौसेनं आणलं होतं. मास्तर मूळचे गोव्याचे. मुंबईच्या हॉटेलात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सॅक्सोफोनवर जॅझ वाजवला. पुढं हॉटेलवाल्यांनी तबकड्या लावून बँडला घरी बसवलं. शेजारच्या बँडपेक्षा आपली चाल वेगळी पाहिजे, म्हणून मालकांनी त्यांना दसऱ्यानंतर बार्शीला आणलं. जेवायला ते आमच्यात बसायचे. भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाताना डोळ्यांतून पाणी गळायचं, तरी चटणी सोडायचे नाहीत.

बोळे घालून रोज आधी घटकाभर नुसती बोटं चालवायची. शेडमध्ये आवाज कसला, तर नाकांचा. शेजाऱ्यानं श्वास कधी घेतला आणि कुठं संपवला, ते ऐकायचं. चुकला की मास्तर पाठीत बोट खुपसायचे. मग बोळे काढायचे. आम्हा भरतीच्यांचे तेवढे राहायचे.

त्यानंतर त्यांचा दुसरा छळ. एकाला उभं करून काहीही वाजवायला लावायचे, आणि दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. आमच्या लोकांना सिनेमाची गाणी पाठ. उत्रेश्वर दर वेळी आपलं घोटलेलं गाणं झोकात वाजवायचा. मास्तर हात वर करून थांबवायचे.

"हे तू घरून आणलंस. तो काय म्हणाला?"

"कोण?"

"तुझ्या आधी ज्यानं वाजवलं तो. तो काय म्हणाला?"

उत्रेश्वरला सांगता यायचं नाही. त्यानं ऐकलेलंच नसायचं. मला सांगता यायचं. मला सगळ्यांचं सगळं सांगता यायचं, कारण इतकी वर्षं मी दुसरं काय करत होतो? पण मला कुणी विचारलंच नाही.

एके दिवशी मास्तरांनी मला हळूच सांगितलं, दुपारी शेडच्या मागं ये, बाजा घेऊन. मला वाटलं, त्यांनी मला हेरलं. तिथं त्यांनी माझा बोळा काढला. पहिले काही दिवस नुसता एक सूर धरायला लावला, ओठ सुजेपर्यंत. पुढं चाल शिकवली. चूक झाली की म्हणायचे, चूक होऊ दे, पण तिला एकटी सोडून पळू नको. तिच्या पुढं असं काही वाजव की ती मुद्दाम केली असं वाटलं पाहिजे. मुंबईत त्यांचा एक जोडीदार होता. त्याच्या हातून भलताच सूर गेला, की बाकीचे तिघं धावत त्या सुराकडं जायचे. मास्तर म्हणायचे, जॅझ म्हणजे एवढंच, बाकी सगळं कपडे.

माघ सरेपर्यंत मला एक चाल पुरी बसली. लांब होती, अवघड होती आणि वर चढत जायची. मी मास्तरांना म्हणालो, आता मालकांना सांगा. ते म्हणाले, सांगितलं. मालक म्हणतात, पुढचा ट्रंपेट एकच, उत्रेश्वर नाराज होतो. तुम्ही जोर का लावला नाही, मी चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी बाजा पुसत पुसत सांगितलं, "मी पण भाड्याचाच आहे, लिंबाजी."

म्हणजे मला येत होतं आणि तरी लग्नाला निघताना मालक स्वतः माझ्या बाज्यात बोळा दाबून बघायचे. आता गाल फुगवताना मला रडू यायचं. शेजारी नाना तसाच, गाल फुगवून, भोंगा सावरून, ओळीत पाय टाकत. मी त्याच्याशी बोलायचंच सोडलं.

वैशाखात वैरागजवळच्या एका गावात मोठं लग्न निघालं. नवरदेव दुपारी मारुतीच्या पाया पडायला निघणार होता आणि वेशीपासून देवळापर्यंत आम्ही वाजवायचं होतं. ऊन असं की कोटाची बटणं हाताला चटके द्यायची. वेशीत आम्ही ओळी लावल्या तोच मुलीकडचे एक सुभेदार काठी टेकत आले. फौजेतून निवृत्त झालेला, तरतरीत माणूस. आदल्या वर्षी त्यांच्या पुतण्याच्या लग्नात कुठल्या तरी बँडनं वाजवणाऱ्यांच्या जागी नुसती बुजगावणी उभी केली होती म्हणे. त्यांनी मालकांना विचारलं, सगळी वाजवतात का? मालकांनी मारुतीकडं बोट करून शपथ घेतली.

"मग एकेकानं वाजवून दाखवू दे. मागल्या ओळीपासनं."

लोक गोळा झाले. पोरं झाडावर चढली. मालकांचा चेहरा पडला. मास्तर मात्र आमच्या ओळीपुढं येऊन मोठ्यानं म्हणाले, "पाणी काढा." वाजवून वाजवून बाज्यात पाणी साठतं, ते झटकून काढायचं असतं. सगळे वाकले. त्या वाकण्यात आम्ही भरतीच्यांनी बोळे काढून खिशात घातले.

सुभेदारांनी काठी पहिल्यांदा नानाकडं केली.

"म्हातारबुवा, तुम्ही. एकट्यानं."

नानानं माझ्याकडं बघितलं. मी नजर दिली नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, याच्यानंतर मी. माझा बोळा खिशात आहे, गाव ऐकतंय, उत्रेश्वर पुढं उभा आहे, मालकाला आता मला अडवता येत नाही. चाल माझ्या ओठावर येऊन बसली होती.

नानानं छाती भरून घेतली आणि फुंकलं. आधी नुसता वारा गेला. मग भोंग्यातून असा आवाज निघाला की जणू रेडा चिखलात रुतून हंबरतोय. मध्येच तो फाटला, पुन्हा लागला आणि संपला.

मग गाव हसलं. बायका तोंडाला पदर लावून, पोरं झाडावर लोळून. कुणी तरी म्हणालं, म्हशी सोडा रं, रेडा आला. आमच्या बँडमधलेही हसले.

मालक धावत पुढं आले. "सुभेदार, ह्यो नवा हाय. येतं म्हून खोटं सांगून घुसलाय माझ्यात. आत्ता हाकलतो बघा." आणि त्यांनी नानाच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली.

नवा! मला कळायला लागल्यापासून हा माणूस त्यांच्या बँडात उभा होता. नाना बोडक्या डोक्यानं उन्हात उभा राहिला. त्याच्या ओठावर तेच ओशाळं हसू यायला लागलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मालकाला मारावं, सुभेदाराला मारावं, झाडावरच्या पोरांना दगड घालावेत आणि सगळ्यांत आधी त्या हसणाऱ्या बापाला गदागदा हलवावं, असं झालं.

"आता तू," सुभेदार मला म्हणाले.

मी ट्रंपेट उचलला. मास्तर माझ्या पाठीमागं होते. त्यांनी फक्त मला ऐकू येईल असं विचारलं.

"तो काय म्हणाला?"

मला ते नको होतं. मला माझी चाल वाजवायची होती. ती वाजवली असती तर मी वाजवणारा ठरलो असतो आणि शेजारचा रेडा ठरला असता, कायमचा. मी श्वास घेतला आणि नाना जे म्हणाला होता तेच वाजवलं. तसंच हंबरणं, तेवढंच लांब. जिथं त्याचं फाटलं तिथंच फाडलं, जिथं लागलं तिथं लावलं.

लोक आणखी हसले. पण मागून मास्तरांच्या सॅक्सोफोननं तेच हंबरणं उचललं, खालच्या बाजूनं, आणि शेवटी त्याला एक छोटी गिरकी दिली. मी ती गिरकी परत केली. मास्तरांनी नानाकडं बघून मान हलवली. नानाला सुरातलं काही कळत नव्हतं, पण आपल्याला कुणी तरी हाक मारतंय हे कळलं असावं. त्यानं पुन्हा फुंकलं. तेच. फाटलं, लागलं. ढोलवाल्या इस्माईलनं त्या फाटण्यावर टिपरू घातलं. पुढच्या खेपेला तिथं ताल पडला. आता तो आवाज रेड्याचा राहिला नव्हता, चालीची सुरुवात झाला होता. सगळा बँड त्यात आला. उत्रेश्वरही आला, त्याला यावंच लागलं. नवरदेवाच्या दोस्तांनी फेटे सोडून नाचायला सुरुवात केली आणि मिरवणूक हलली. सुभेदार काठी धरून बाजूला झाले. कोण वाजवतो आणि कोण नाही, हे त्यांना त्या गर्दीत आता कळणार नव्हतं. नाना बोडक्या डोक्यानं देवळापर्यंत फुंकत आला.

बँडवाले सगळ्यात शेवटी जेवायला बसतात. मांडवाच्या मागं आमच्या पत्रावळ्या मांडल्या. मालक वाढप्यांना सांगत होते, खास मुंबईची चाल हाय, हंबरण्याची. नाना बसला नाही. त्यानं मला खूण केली आणि मांडवाच्या पलीकडं, जिथं गाड्या सोडल्या होत्या, तिकडं नेलं. मला वाटलं, आता जवळ घेईल.

"तुला वाजवता येतं न्हवं?" त्यानं विचारलं.

"येतं."

"ती लांब चाल. येती?"

"येती."

"मग माझ्यावानी कशाला वाजवलंस?"

"मास्तर म्हनले..."

त्यानं माझ्या मुस्कटात मारली. मी बावीस-तेवीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला बाप्या. त्यानं मला लहानपणीसुद्धा कधी मारलं नव्हतं.

"मास्तर परका माणूस. त्येला मीच पाया पडून सांगितलं, पोराला दुपारचं शिकवा म्हून. येवढी वर्सं गाल फुगवून उभा हाय मी, का? मला काय लाल कोटाची हौस हुती? तुला बाज्याजवळ उभं ऱ्हाया मिळावं म्हून. हमालाच्या पोराच्या हातात बाजा कोन दील? आन आज समदं गाव ऐकत हुतं. समदं. तवा तू रेड्यावानी वरडलास."

"ते तुमाला हसत हुते, नाना."

"मग हसू दे की. मी मरत हुतो का?"

त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. हा माणूस रागावू शकतो हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहून सगळ्या बँडचे श्वास ऐकले होते. त्याचा राग मला एकदाही ऐकू आला नव्हता. मी समजत होतो की सगळा राग माझ्या एकट्याकडं आहे.

"चल माघारी," तो म्हणाला.

त्यानं मला दंडाला धरून पंगतीत नेलं आणि मालकांच्या पत्रावळीपुढं उभं केलं.

"मालक, ह्यो वाजवील. ऐका."

"ऐकलं की मगाशी," मालक म्हणाले. "बाप-ल्येक एकाच गोठ्यातलं." पंगत हसली.

"मगाशी ऐकलं ते माझं हुतं. ह्येचं अजून कुनी ऐकलं न्हाई."

मालकांनी घास खाली ठेवला नाही, पण हात हलवून वाजव म्हणून सांगितलं. मी ती चाल वाजवली. पहिला भाग चढाच गेला, गाल अजून झणझणत होता. पुढं सावरली. जिथं ती वर चढते तिथं उत्रेश्वरचा हात पत्रावळीवर थांबला. वाढपी बुंदीची बादली घेऊन उभे राहिले.

"बरं वाजवतोस," मालक म्हणाले. "उद्यापासनं ह्येचा बोळा काढा. पर उत्रेश्वरच्या खालनं वाजवायचं. वर जायचं न्हाई." मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजे मागं एक उभा राहनारा कमी पडला. सोपाना, तुझ्या बघन्यात हाय का कोन?"

"दोन कमी पडल्यात," नाना म्हणाला.

"दुसरा कोन?"

"मी. मी आता बोळा घालून उभा ऱ्हानार न्हाई." आणि तो मास्तरांकडं वळला. विनवणीचा सूर नव्हताच, भांडायला आल्यासारखा म्हणाला, "मास्तर, मला शिकवा. न्हाई आलं तर मी यार्डात जातो."

मालकांना ठसका लागला. "ह्या वयात? कवा शिकनार तू, आन कवा वाजवनार?"

मास्तर बोटं चाटत होते. "आज सगळ्यात आधी कोणी वाजवलं?" त्यांनी मालकांना विचारलं. उत्तराची वाट न बघता नानाला म्हणाले, "उद्या दुपारी ये. जेवून येऊ नको, श्वास पुरत नाही."

पुढच्या लग्नसराईत मास्तर आले नाहीत. मुंबईला गेले ते गेले. मी त्या बँडात पुष्कळ वर्षं वाजवलं, उत्रेश्वरच्या खालनं आणि नंतर वरनंही. हे लिहायला उशीर झाला, कारण मला अक्षरंच म्हातारपणी आली, प्रौढांच्या वर्गात. नाना तोवर राहिला नव्हता.

नानाला मास्तरांकडून तीन सूर आले. तेवढेच. चौथा त्याला शेवटपर्यंत लागला नाही. पण चालीत त्या तिन्हींची जागा आली की तो ती दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायचा नाही. कुणी तिथं तोंड घातलंच, तर भर वरातीत भोंगा खाली घेऊन आधी त्याला आईवरून शिवी द्यायचा आणि मग आपले तीन सूर वाजवायचा.